घाटातली गाडी, घरचा पाना

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. कसारा, डहाणू रोड किंवा पालघर स्टेशन गाठायचे तर आधी घाट उतरावा लागतो. जव्हारच्या एसटी आगाराचा मोठा आधार आहे, पण प्रत्येक पाड्यावर बस पोचत नाही. त्यामुळे दवाखाना, कॉलेज, आठवडे बाजार, नोकरी अशा सगळ्या कामांना मोटारसायकल लागते. ती गाडी इथे सोसतेही खूप. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस आणि लाल चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, सूर्यमाळच्या बाजूला धुके, मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे निघाले की तोरंगण घाट, आणि मागच्या सीटवर बहुधा दोन माणसांइतके ओझे.

अशा ठिकाणी घरच्या घरी गाडी खोलणे, दुरुस्त करणे आणि सुधारणे हा छंद फार कामाचा आहे. पैसा वाचतो, हाताला कसब येते आणि रात्री रानातल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर काय पाहायचे हे कळते. मात्र बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकाने होते. पहिला खर्च सायलेन्सर, रंगीत दिवे किंवा स्टिकरवर होतो, आणि ब्रेक शू मात्र गुळगुळीत झालेले असतात. घाटातल्या गाडीचा क्रम सरळ आहे: आधी थांबणे, मग रस्ता धरणे, मग दिसणे आणि सर्वांत शेवटी धावणे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

शिकण्यासाठी कोणती गाडी?

घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर रोजचे पोट असेल, तर तिची देखभाल घरी शिका, पण तिचे इंजिन उघडू नका. छंदासाठी दुसरी जुनी गाडी मिळाली तर उत्तम. १०० सीसीची, कार्बोरेटर असलेली, हवेने थंड होणारी चार-स्ट्रोक गाडी शिकायला सर्वांत सोपी. १९९४ साली आलेली स्प्लेंडर, तिच्या घराण्यातली पॅशन, बजाजची बॉक्सर, सीटी १०० किंवा प्लॅटिना यांपैकी कोणतीही चालेल. हीरो आणि होंडा वेगळे होऊन बरीच वर्षे झाली, तरी हीरो होंडाच्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात. यामाहा आरएक्स १०० चे आकर्षण अनेकांना असते. पण तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, अस्सल भाग महाग आणि दुर्मीळ झाले, म्हणून ती पहिली गाडी असू नये.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांचे ब्रेक, चेन, केबल, ऑइल, एअर फिल्टर ही कामे घरी करता येतात. इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांची वायरिंग मात्र यंत्राशिवाय तपासता येत नाही, तिथे हात घालू नका. या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत गाडी पळवण्याची सवय सोडा.

जुनी गाडी घेताना किमतीआधी कागद पाहा. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी जुळवा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, १५ वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे विचारा. नंबर घासलेला दिसला किंवा कागद "नंतर देतो" असे उत्तर आले, तर ती गाडी फुकट मिळाली तरी नको.

जागा आणि हत्यारे

पडवी किंवा अंगणातला झाकलेला कोपरा पुरेसा आहे. जमीन सारवलेली किंवा मातीची असेल तर डबल स्टँड हळूहळू रुततो आणि चाक काढलेले असताना गाडी कलंडते. म्हणून स्टँडखाली जाड फळी किंवा सपाट फरशी ठेवा. गाडीखाली जुनी पांढरी चादर अंथरा. मातीत पडलेला वायसर सापडत नाही, चादरीवरचा लगेच दिसतो. प्रत्येक कामाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि भाग सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायर कुठून कशी गेली होती, स्प्रिंगचे कोणते टोक वर होते, हे जोडताना फोटोच सांगतो.

हत्यारे एकदम सगळी घ्यायची गरज नाही. ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मापांचे रिंग पाने आणि फिक्स पाने, ८ आणि १० चे टी-पाने, गोटी पान्यांचा छोटा संच, प्लग पाना, पक्कड, नोज प्लायर, हातोडी, ॲलन की, टायरची हवा मोजायचा गेज आणि वायर तपासायला साधा मल्टिमीटर एवढ्यात पहिले वर्ष निघते. पुढे फीलर गेज आणि लहान टॉर्क पाना घ्या. पाने स्वस्त पण हलके घेऊ नका. तोंड पसरलेला पाना बोल्टचे डोके गोल करतो आणि पाच मिनिटांचे काम वेल्डिंगवाल्यापर्यंत जाते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवाव्यात. जपानी बनावटीच्या इंजिनांवरचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस टोक घ्या, किंवा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. दुसरे, इंजिनचे कव्हर ॲल्युमिनियमचे असते, त्यातले आटे मऊ असतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, म्हणजे लहान पाना दोन बोटांनी ओढण्याइतका. "आणखी थोडे" म्हणून ओढले की आटे निघून येतात.

तुमच्या मॉडेलचे मालकाचे पुस्तक मिळवा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते मोफत आहे. ऑइल किती, प्लगमधले अंतर किती, टायरमध्ये हवा किती, हे आकडे त्यात असतात. ऐकीव आकड्यावर काम करू नका.

चूल, पेट्रोल आणि धूर

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूर पेटलेल्या चुलीपर्यंत किंवा देव्हाऱ्यातल्या दिव्यापर्यंत जाते. म्हणून पडवीला लागून चूल असेल तर कार्बोरेटर, टाकी किंवा पेट्रोलच्या नळीचे काम तिथे करायचेच नाही. ते उघड्यावर, दिवसा, विडी-सिगारेट दूर ठेवून करा. भाग धुवायला रॉकेल किंवा डिझेल वापरा, पेट्रोल नको. बाटलीतले पेट्रोल घरात साठवू नका, पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको, लहान मुले ते पितात. जवळ एक बादली कोरडी वाळू ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले की आग पसरते, वाळूने दबते.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. चेनला हात लावताना इंजिन बंदच हवे. चालत्या चेनमध्ये फडक्यासकट बोट ओढले जाऊन तुटल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

पहिले काम: ब्रेक

घाट उतरताना न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची सवय आपल्या भागात फार आहे. त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि तापलेले शू पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिन गाडी धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतो.

ड्रम ब्रेकचे काम घरी शिकण्यासारखे आहे. ब्रेक प्लेटवर बाहेरून एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू संपले असे समजा. चाक काढल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या शूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. शूवर काचेसारखी चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर फिरवून ती काढा. ब्रेक कॅम आणि पिनेला थोडेच ग्रीस लावा, शूला आणि ड्रमला एक थेंबही लागू देऊ नका. कॅम सुकल्यामुळे ब्रेक जड होतो आणि लोक मात्र शू बदलत राहतात.

चाक परत बसवताना ॲक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा आणि मग नट आवळा. त्यामुळे शू ड्रमच्या मधोमध बसतात आणि पकड लगेच सुधारते. मागच्या ब्रेकची टॉर्क आर्म आणि तिची स्प्लिट पिन पुन्हा लावली का, हे दोनदा पाहा. ती सुटली तर ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागेवर जाम होते. ब्रेकला पुस्तकात दिलेला मोकळा खेळ ठेवा आणि चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा.

डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी पाहणे आणि बदलणे घरी जमते. ब्रेकचे ऑइल डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावर लिहिलेले असते, तेच भरायचे. हे ऑइल हवेतला दमटपणा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे, आणि आपल्या पावसाळ्यात त्याचे महत्त्व जास्त. ते रंगावर सांडले तर रंग उडतो. हवा काढण्याचे काम पहिल्यांदा जाणकाराच्या हाताखाली करा. एबीएस किंवा कॉम्बी ब्रेकच्या गाडीत स्वतः फेरफार करू नका.

दुसरे काम: टायर आणि चेन

टायरच्या खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. आपल्याकडे मात्र तो त्याच्या थोडा आधी बदलावा, कारण ओल्या घाटात उथळ खाचा पाणी बाहेर फेकत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात नवा दिसणारा टायर कित्येक वर्षे पडून असू शकतो, म्हणून हे आकडे वाचूनच पैसे द्या. फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोही पाहा. जाड टायरची हौस आवरा. मापापेक्षा रुंद टायर चेन कव्हरला किंवा मडगार्डला घासतो, गाडी जड होते, ॲव्हरेज घटते आणि वळणावर तिचा स्वभाव बदलतो. हवा मोजताना टायर थंड असावा. एकटा असताना आणि मागे माणूस असताना मागच्या चाकाचे आकडे वेगळे असतात, ते चेन कव्हरवरच्या किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर मिळतात.

चेन सैल असण्यापेक्षा अती ताणलेली जास्त नुकसान करते. बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट दोन्हीवर ओढ येते. चेन खालच्या बाजूने मधोमध वर-खाली हलवून पाहा. लहान गाड्यांत हा खेळ सहसा दोन ते तीन सेंटीमीटर असतो, नेमका आकडा पुस्तकात पाहा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा आणि सर्वांत ताणलेल्या जागेवर माप घ्या. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या तरच चाक सरळ राहते. चेन रॉकेलने धुवा, पुसा आणि ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे आतल्या बाजूने लावा. जळके ऑइल लावू नका, त्यात धातूचा कीस असतो. चेन लॉकच्या पत्तीचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवे, उलटे बसले तर ती उडून जाते. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकरच संपते.

तिसरे काम: उजेड आणि वायरिंग

आपल्या रस्त्यांवर रात्री दिवे नसतात, वळणावर बैल किंवा पायी निघालेली माणसे अचानक समोर येतात. त्यामुळे हेडलाईट सुधारण्याची इच्छा योग्यच आहे, रीत मात्र बरोबर हवी. अनेक जुन्या गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालत नाही, तो मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो. म्हणून इंजिन मंद झाले की उजेडही मंद होतो. अशा गाडीत डीसीवर चालणारा एलईडी बल्ब लावला तर तो लुकलुकू किंवा जळू शकतो. आधी मल्टिमीटरने करंट एसी आहे की डीसी ते तपासा.

बल्ब बदलण्यापूर्वी साधे उपाय करा. काच आतून स्वच्छ करा, रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर बदला, होल्डर आणि अर्थिंगची टोके घासून साफ करा. यानेच उजेड बराच वाढतो. मूळ ३५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावू नका, होल्डर वितळतो आणि वायर तापते. शेवटी दिव्याचा झोत नीट करा: गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर, सीटवर माणूस बसवून उभी करा आणि डिपरचा झोत हेडलाईटच्या उंचीच्या थोडा खाली ठेवा. सूर्यमाळ किंवा जव्हारच्या धुक्यात हाय बीमचा उजेड परत डोळ्यांवर येतो, तिथे डिपरवरच चालवा.

वायर जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. सोल्डर करा किंवा चांगला कनेक्टर वापरा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी घाला. मोबाइल चार्जर असो वा नवा हॉर्न, त्याला स्वतंत्र फ्यूज द्या. फ्यूज सारखा जात असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे वायरिंगला आग लावणे आहे. करंट कुठे चोरीला जातो ते शोधा. घरात भात साठवला की उंदीर येतात आणि ते सीटखालची वायर कुरतडतात. बंद गाडीचा कनेक्टर सुटला वाटला तर आधी ती जागा पाहा.

चौथे काम: इंजिन

ऑइल बदलणे हे सर्वांत उपयोगी काम आहे. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करा, बंद करा, गाडी डबल स्टँडवर उभी करून खालचा बोल्ट सोडा. वायसर नवा टाका. डब्यावर जॅसो एमए किंवा एमए-२ असे लिहिलेले हवे. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमुळे तो घसरू लागतो. १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०, हे कंपनीने ठरवलेले असते, त्यात बदल करू नका. काडीने पातळी पाहताना ती आटे फिरवून पाहायची की नुसती टेकवून, हेही पुस्तकात दिलेले असते. पातळीपेक्षा जास्त ऑइल भरणेही वाईट.

प्लग काढल्यावर तो वाचायला शिका. बिस्किटासारखा रंग म्हणजे इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर कोंदला आहे. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढते आहे, रिंग किंवा वॉल्व्ह सील तपासायला हवे. पांढराफटक म्हणजे इंजिन तापते आहे. प्लग बसवताना आधी हाताने आटे धरू द्या. नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो, वापरलेला त्याहून बराच कमी.

एअर फिल्टर कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. स्पंजचा असेल तर रॉकेलने किंवा साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. फुफाट्याच्या दिवसांत पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच पाहा. फिल्टर काढून गाडी "मोकळी" चालवणे म्हणजे इंजिनात माती भरणे होय.

टॅपेटचे काम इंजिन पूर्ण थंड असताना, फ्लायव्हीलची टी खूण जुळवून, फीलर गेजनेच करायचे. अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून टाकले तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. थोडा टिकटिक आवाज चांगला.

"डोंगरावर हवा विरळ, म्हणून जेट बदला" असा सल्ला मिळतो. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवेची घनता सुमारे पाचच टक्के कमी होते. त्यासाठी जेट बदलण्याची गरज नाही. चढाला गाडी दम टाकत असेल तर फिल्टर, प्लग, क्लच, घासणारा ब्रेक आणि टायरची हवा हे पाच तपासा, कारण बहुधा त्यांतच सापडते.

पावसाआधी, पावसात, पावसानंतर

मेच्या अखेरीस ब्रेक, टायर, सगळ्या केबल, पुसून घ्यावे लागणारे कनेक्टर आणि बॅटरीची टोके पाहून घ्या. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावा. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये वरून पातळ ऑइल सोडा. केबलचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी ती बदला.

पावसात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, गाडी घालू नका. साधे साचलेले पाणी ओलांडल्यावर हळू चालत ब्रेक थोडे दाबून ड्रम कोरडे करा. पाण्यात गाडी बंद पडली आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असेल, तर किक किंवा सेल्फ मारू नका. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, फिल्टर पाहा, पाणी बाहेर काढा, मगच पुढे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा राहिली तर पाणी वाढत जाते, पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी बसते. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, झाकणाचा रबर नवा टाका. गाडी अडखळू लागली तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडा आणि वाटीतले पेट्रोल काचेच्या भांड्यात घेऊन पाहा, पाण्याचे थेंब तळाशी दिसतात. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या आणि रबर फुगतात किंवा चिरतात, ते वर्षातून एकदा तपासा.

दिवाळीनंतर कामासाठी वसई, भिवंडीकडे जाणारे अनेकजण गाडी घरी ठेवून थेट शिमग्याला परततात. अशी गाडी डबल स्टँडवर ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा, बॅटरीची तार सोडवा, टायर भरून ठेवा. परतल्यावर पहिली किक मारण्याआधी ब्रेक आणि उंदरांनी केलेले नुकसान पाहा.

कोणते बदल करावेत, कोणते नाहीत

इथल्या रस्त्यांना शोभणारे बदल असे: चांगल्या पकडीचा मूळ मापाचा टायर, नवे मागचे शॉकअप, पुढच्या शॉकअपचे ताजे ऑइल आणि सील, मजबूत लेग गार्ड, लांब मडफ्लॅप, बरोबर झोताचा दिवा, चांगले आरसे. ओझे नेहमी असेल तर मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करा.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कर्कश सायलेन्सरसाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय मूळ सायलेन्सर काढल्याने चार-स्ट्रोक गाडीची ताकद वाढतेच असे नाही. बीएस-६ गाडीत तर सेन्सरचा हिशेब बिघडतो. गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीलाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे आहे. साडी गार्ड आणि मागच्या माणसाचा हँडल "देखण्या" रूपासाठी काढू नका. नियमाने ते हवेतच, आणि मागे बसणाऱ्या बाईचा पदर किंवा मुलाचा पाय त्यामुळेच चाकापासून दूर राहतो.

मिस्त्रीचे काम मिस्त्रीला

इंजिनचे बोअरिंग, क्रँक, गिअरबॉक्स, चाकाचा बेंड, चासीचे वेल्डिंग आणि हँडलच्या कोनसेटची कामे चांगल्या गॅरेजमध्येच करा. पण गाडी टाकून निघून येऊ नका. परवानगी घेऊन शेजारी उभे राहा, पाने हातात द्या, विचारा. तरुणांना याच छंदातून व्यवसाय करायचा असेल तर शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. घरी हात बसलेल्या मुलाला तिथले शिक्षण लवकर समजते.

प्रत्येक कामाची वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदलले, भाग कुठून घेतला. जव्हारला किंवा नाशिकला भाग घेताना पाकिटावरचा भाग क्रमांक, होलोग्राम आणि छापील किंमत पाहा, बिल मागा. नकली ब्रेक शू किंवा क्लच प्लेट पैशाने स्वस्त आणि घाटात महाग पडते.

जळके ऑइल ओहोळात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका, चुलीतही जाळू नका. थोडेसे ऑइल पुष्कळ पाणी नासवते आणि तेच पाणी खालच्या पाड्यावर पितात. ते डब्यात साठवा आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

सुरुवात या रविवारीच करा, आणि ब्रेकपासून करा. दोन्ही चाके खोला, शू पाहा, कॅमला ग्रीस लावा, चेन मोजा, टायरची तारीख वाचा. मग शेजाऱ्याच्या गाडीचेही एवढेच करून द्या आणि त्याच्या मुलाच्या हातात पाना द्या. पाड्यावर एका घरी हे कसब असेल, तर घाट उतरणारी दहा घरे सुरक्षित होतील.